जनावराची जात आणि डीएनएची साक्ष

जनावराची जात ओळखण्याचे आधार पूर्वापार दोन आहेत: अंगलक्षणे आणि वंशावळ. मागे वळून वर गेलेली लांब टोकदार शिंगे आणि चपळ, आटोपशीर अंग असले की खिल्लार. गडद तांबडा रंग असला की लाल कंधारी. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके आणि पावसाचे पाणी निथळून जाईल अशी तेलकट कातडी असली की डांगी. देवणीत तर रंगावरून वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार पाडले जातात. खरसुंडीच्या किंवा माळेगावच्या यात्रेत जनावराभोवती एक फेरी मारून जात सांगणारे जाणकार आजही भेटतात आणि ते बहुधा चुकत नाहीत. वंशावळीचा आधार मात्र भारतात तोकडा आहे. इंग्लंडमध्ये जॉर्ज कोट्स यांनी शॉर्टहॉर्न गाईंची वंशनोंदवही १८२२ मध्ये छापली आणि पुढे युरोपातल्या बहुतेक जातींच्या अशा वह्या तयार झाल्या. भारतातल्या जाती घडल्या त्या धनगर, गवळी, महादेव कोळी, ठाकर अशा पशुपालकांच्या हातून, आणि त्यांची नोंद राहिली ती त्यांच्या स्मरणात. जनुकीय चिन्हके, म्हणजेच मार्कर, हा या दोहोंच्या जोडीला आलेला तिसरा आधार. तो किती भक्कम आहे आणि कुठे लटका पडतो, हे पाहिल्याशिवाय त्याच्या भरवशावर जातिवंतपणाचे दाखले देणे धोक्याचे आहे.

या आधाराची गरज संकरामुळे वाढली. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे १९.२५ कोटी गोवंश मोजला गेला. त्यातली सुमारे ५ कोटी जनावरे विदेशी किंवा संकरित होती. उरलेल्या सुमारे १४.२ कोटी देशी जनावरांपैकी फार मोठा भाग कोणत्याही नोंदलेल्या जातीत न बसणारा, म्हणजे ज्याला सरसकट गावठी म्हणतात तो आहे. कृत्रिम रेतन गावोगाव पोचल्यावर होल्स्टीन आणि जर्सीचे रक्त देशी कळपांत मिसळले, आणि त्याचबरोबर गीरसारख्या एका प्रांतातल्या जातीचे रक्त दुसऱ्या प्रांतातल्या जातीत उतरले. पहिल्या पिढीचा संकर कुणाच्याही नजरेला कळतो. वशिंड बसते, गळ्याची पोळी आखूड होते. पण अशा कालवडीला पुन्हा देशी वळू दाखवत गेले की तीन-चार पिढ्यांत वशिंड परत येते, रंगही परत येतो, आणि विदेशी रक्ताचा उरलेला हिस्सा डोळ्यांना दिसेनासा होतो. वळू निवडताना, रेतमात्रा तयार करताना किंवा संवर्धनासाठी कळप बांधताना नेमका हाच हिस्सा कळणे आवश्यक असते.

चिन्हक म्हणजे जनुकसंचातली अशी जागा, जी जनावरागणिक वेगवेगळ्या रूपांत आढळते आणि जिची रूपे प्रयोगशाळेत ओळखता येतात. डीएनए वाचण्याचे तंत्र येण्यापूर्वी हे काम रक्तगटांवरून आणि रक्तातल्या प्रथिनांवरून होत असे. ट्रान्सफेरिन आणि हिमोग्लोबिन यांची निरनिराळी रूपे विद्युत्प्रवाहाने जेलमध्ये वेगळी करता येतात, हे १९५० च्या दशकात उमगले आणि त्या रूपांच्या प्रमाणावरून जातींची तुलना सुरू झाली. अशा प्रथिनांची संख्या थोडी, म्हणून निष्कर्षही मोघमच राहत. पुढे डीएनएचे तुकडे मिळवून त्यांच्या लांबीची तुलना करणाऱ्या आरएफएलपी, आरएपीडी आणि एएफएलपी या पद्धती आल्या. त्यातली आरएपीडी स्वस्त होती, पण एका प्रयोगशाळेतला निकाल दुसरीत जसाच्या तसा मिळेल याची खात्री नसे. त्या काळी आरएपीडीवर जातींचे वेगळेपण सिद्ध केल्याचे जे दावे झाले, ते आज पुन्हा तपासूनच घ्यावेत.

खरा पाया घातला तो मायक्रोसॅटेलाइटने. जनुकसंचात ठिकठिकाणी दोन-चार अक्षरांचा एकच तुकडा ओळीने पुन्हा पुन्हा येतो; एका जनावरात तो पंधरा वेळा, दुसऱ्यात अठरा वेळा. ही संख्या आईकडून एक आणि बापाकडून एक अशी वारशाने येते, आणि तिच्यात विविधता इतकी असते की एकाच जागी दहा-पंधरा रूपे सहज सापडतात. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि पशुजनुकशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून प्रत्येक प्रमुख पाळीव प्रजातीसाठी ३० मायक्रोसॅटेलाइटचा संच सुचवला. त्यामुळे जगभरच्या अभ्यासकांना एकच मोजपट्टी मिळाली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भारतीय गाई, म्हशी, शेळ्या-मेंढ्यांच्या जातींचे बहुतांश जनुकीय वर्णन याच पद्धतीने केले. एक अडचण कायम राहिली. तुकड्याची लांबी मोजताना यंत्रागणिक एक-दोन अक्षरांचा फरक पडतो. दोन प्रयोगशाळांनी तेच नमुने मोजून आपापले आकडे जुळवून घेतल्याशिवाय त्यांची माहिती एकत्र करता येत नाही.

या चिन्हकांवरून जात कशी ठरते, हे नीट समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण बहुतेक गैरसमज इथेच होतात. खिल्लारमध्येच असते आणि देवणीत कधीच नसते, असे एखादे रूप जवळपास कधीच सापडत नाही. दोन्ही जातींत तीच रूपे असतात. फरक असतो तो प्रमाणाचा. समजा, एका जागचे एक रूप पहिल्या जातीत १०० पैकी ६० वेळा आणि दुसऱ्या जातीत १०० पैकी २० वेळा आढळते. एखाद्या जनावरात ते रूप मिळाले, तर ते पहिल्या जातीचे असण्याकडे कल तिपटीने झुकतो. एवढ्यावर कुणी निकाल देणार नाही. पण एकमेकींवर अवलंबून नसलेल्या अशा दहा जागा एकाच दिशेला झुकल्या, तर दहाही तीन एकमेकांशी गुणून झुकते माप ५९,०४९ पट होते. प्रत्यक्षात सगळ्या जागा एका दिशेला झुकत नाहीत. काही उलटही झुकतात, म्हणून जागा भरपूर लागतात. २००० मध्ये जोनाथन प्रिचर्ड आणि सहकाऱ्यांनी काढलेली ‘स्ट्रक्चर’ ही संगणकप्रणाली याच तत्त्वावर चालते. कोणते जनावर कुठले हे आधी न सांगताही ती जनावरांचे गट पाडते आणि प्रत्येक जनावरात कोणत्या गटाचा किती वाटा आहे ते दाखवते. संकराचे प्रमाण मोजण्यासाठी अशा प्रणाली फार उपयोगी पडल्या आहेत.

जाती एकमेकींपासून किती दूर आहेत यावर हे काम सोपे की अवघड ते ठरते. युरोपीय गोजातींत एकूण जनुकीय विविधतेपैकी साधारण दहावा हिस्सा जातींमधल्या फरकाचा असतो आणि उरलेला नऊ-दशांश हिस्सा एकाच जातीतल्या जनावरांमधल्या फरकाचा. भारतीय जातींवरच्या बऱ्याच अभ्यासांत आकडे याच्या आसपासचे किंवा याहून कमी आले आहेत. शेजारच्या जातींची सीमा पुसट असणे स्वाभाविकच आहे. बैलबाजार, यात्रा, स्थलांतर यांतून वळू एका मुलखातून दुसऱ्यात जात राहिले, आणि देवणीसारखी जात गीर, डांगी आणि स्थानिक जनावरांच्या मिश्रणातूनच घडली असे मानले जाते. अशा जातींत शंभर टक्के खात्रीचा निकाल मागणे हा शास्त्राकडून इतिहासाविरुद्ध साक्ष मागण्याचा प्रकार आहे.

पुढचा टप्पा एसएनपीचा, म्हणजे डीएनएतल्या एकाच अक्षराच्या बदलाचा. २००९ मध्ये एका हेरफर्ड गाईचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास सुमारे ५४,००० एसएनपी एकदम तपासणारी चिप बाजारात आली होती, आणि पाठोपाठ ७,७७,९६२ एसएनपींची मोठी चिप आली. एसएनपीला बहुधा दोनच रूपे असतात, त्यामुळे एकेकट्या एसएनपीतून माहिती थोडी मिळते. पण वाचन नेमके असते, यंत्रागणिक आकडा बदलत नाही आणि जागा हजारोंनी मिळतात. जात ओळखण्यापुरत्या त्यातल्या सगळ्या लागतही नाहीत. जातींमध्ये सर्वाधिक फरक दाखवणाऱ्या काहीशे जागा निवडल्या तरी काम भागते. तपासणीचा खर्च त्यामुळेच आवाक्यात येतो.

या चिपांत भारतीय जातींवर अन्याय करणारा एक दोष होता. चिपवरच्या जागा मुख्यतः होल्स्टीन, अँगस, हेरफर्ड अशा युरोपीय जातींत विविधता दिसली म्हणून निवडलेल्या होत्या. भारतीय गाईंत त्यातल्या पुष्कळ जागी एकच रूप आढळते. परिणाम असा, की संख्येने अफाट आणि इतिहासाने जुने असलेले भारतीय गोधन कागदावर कमी विविधतेचे दिसू लागले. पूर्ण जनुकसंच वाचल्यावर चित्र नेमके उलटे निघाले: वशिंडवाल्या गाईंत विविधता अधिक आहे. म्हशींच्या चिपमध्येही हाच दोष होता. ९०,००० जागांची पहिली म्हैसचिप भूमध्यसागरी, मुऱ्हा, जाफराबादी आणि निली-रावी या चार जातींवरून तयार झाली. पंढरपुरी, नागपुरी किंवा मराठवाडी म्हशींचा त्या निवडीत वाटा नव्हता. भारतीय जनावरांवरून भारतीय चिप तयार करणे म्हणूनच आवश्यक होते. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने ‘इंडसचिप’ तयार केली. हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेची ११,४९६ चिन्हकांची ‘इंडिगौ’ ऑगस्ट २०२१ मध्ये आली, आणि गाईंसाठी ‘गौचिप’ व म्हशींसाठी ‘महिषचिप’ यांचे लोकार्पण ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे झाले.

जातींच्या खाली आणखी एक जुना, खोल भेद आहे, आणि तो चिन्हकांनी फार स्पष्ट दाखवला. वशिंडवाल्या भारतीय गाई आणि बिनवशिंडाच्या युरोपीय गाई एकाच मूळ कळपातून आलेल्या नाहीत. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या संशोधकांनी १९९४ मध्ये मायटोकाँड्रिया या पेशीतल्या घटकाच्या डीएनएवरून दाखवले, की या दोन शाखा माणसाने गाय पाळण्याच्या कितीतरी आधी, काही लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या होत्या. एक शाखा पश्चिम आशियात माणसाळली, दुसरी सिंधू खोऱ्याच्या परिसरात. म्हणून खिल्लार आणि देवणी वेगळ्या ओळखणे जितके कठीण, तितकेच खिल्लारमध्ये होल्स्टीनचा अंश शोधणे सोपे. म्हशींत हा भेद गुणसूत्रांच्या संख्येतच आहे: नदीकाठच्या म्हशींत ५०, तर ईशान्य भारतात आढळणाऱ्या दलदली म्हशींत ४८.

मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो आणि वाय गुणसूत्र फक्त बापाकडून. या दोन्ही साक्षी एकत्र वाचल्या तर कळपाचा इतिहास उलगडतो. एकच वाचली तर फसगत होते. ब्राझीलची नेलोर ही आंध्रातल्या ओंगोल गाईची वंशज, दिसायला पूर्ण भारतीय. पण तिच्या मायटोकाँड्रियाची तपासणी झाली तेव्हा बहुसंख्य जनावरांत तो युरोपीय शाखेचा निघाला. भारतातून गेलेल्या मोजक्या वळूंचा तिथल्या युरोपीय वंशाच्या गाईंशी पिढ्यानपिढ्या संकर होत गेला, त्यामुळे अंग भारतीय झाले आणि मातृवंश तिथलाच राहिला. आफ्रिकेतल्या वशिंडवाल्या गाईंचीही हीच कथा आहे. महाराष्ट्रात हेच उलट्या दिशेने घडते. खिल्लार गाईला होल्स्टीनची रेतमात्रा भरून झालेल्या कालवडीचा मायटोकाँड्रिया शंभर टक्के देशीच येणार, कारण तो खिल्लार आईचा आहे. अशा अहवालावर तिला शुद्ध देशी म्हणून विकणे ही ग्राहकाची सरळ फसवणूक ठरेल. संकर पकडायचा तर दोन्ही बाजूंनी येणाऱ्या गुणसूत्रांवरची चिन्हकेच तपासली पाहिजेत. वळूत त्यांच्या जोडीला वाय गुणसूत्रही पाहता येते, कारण भारतीय शाखेच्या वायचा आकार सूक्ष्मदर्शकाखालीही वेगळा दिसतो.

कधीकधी एकाच जनुकावर भागते, पण त्यासाठी परिस्थिती अनुकूल असावी लागते. इटलीतली रेजियाना ही लाल गाय पार्मेझान चीजची जुनी धनीण. जास्त दूध देणाऱ्या जातींपुढे ती मागे पडत गेली आणि १९८० च्या दशकात काही शेकड्यांवर आली. पुढे फक्त तिच्या दुधाचे वेगळे चीज चढ्या भावाने विकले जाऊ लागले, आणि ते खरे आहे हे सिद्ध करण्याची गरज पडली. कातडीचा रंग ठरवणाऱ्या एमसी१आर या जनुकाचे लाल रंगाचे रूप रेजियानात जवळजवळ सर्व जनावरांत असते. काळ्या-पांढऱ्या होल्स्टीनमध्ये काळ्या रंगाचे रूप असते. दुधात गाईच्या पेशी उतरतात आणि महिनोन्‌महिने मुरलेल्या चीजमध्येही त्यांचा डीएनए शिल्लक राहतो. तेव्हा चीजमध्ये काळे रूप सापडले की परक्या दुधाची भेसळ सिद्ध होते. मात्र न सापडणे हा शुद्धतेचा पुरावा नव्हे, कारण लाल रंगाच्या इतर जातींतही तेच लाल रूप असते. हा तपास भेसळ सिद्ध करू शकतो. जात सिद्ध करू शकत नाही.

हा फरक विसरल्यामुळे भारतात ए२ दुधाचा गोंधळ माजला. बीटा केसिन या दुधातल्या प्रथिनात ६७ व्या जागी प्रोलीन असले की ए२, हिस्टिडीन असले की ए१. देशी गाईंत ए२ बहुसंख्य आहे हे खरे. पण जर्सी आणि गर्न्सीतही ए२ भरपूर आहे, होल्स्टीनमध्ये ए२ वळू मुद्दाम निवडले जातात आणि म्हशीचे दूध तर ए२च असते. ए२चा अहवाल दुधातल्या एका प्रथिनाबद्दल बोलतो, गाईच्या जातीबद्दल काही सांगत नाही. देशी गाय म्हणून जादा पैसे मोजणाऱ्या शेतकऱ्याला तो अहवाल दाखवला जातो, तेव्हा त्याने त्यावर विसंबू नये.

एखादे जनुक एका जातीतून दुसरीत किती सहज जाते याचे महाराष्ट्रातले उत्तम उदाहरण फलटणचे आहे. बंगालच्या सुंदरबनातली गरोळ मेंढी एका वेतात दोन-तीन कोकरे देते. त्यामागे एफईसी-बी हे जनुकरूप आहे, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मेंढ्यांमार्फत ते तिथल्या बुरुला मेरिनोत पोचले असे मानले जाते. या रूपाची डीएनए चाचणी २००१ नंतर शक्य झाली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने चाचणीच्या आधारे पिढ्यानपिढ्या निवड करत हे एक रूप दख्खनी मेंढीत उतरवले आणि ‘नारी सुवर्णा’ घडवली. दख्खनच्या माळावर टिकणाऱ्या या मेंढीत गरोळची ती मोलाची खूण आहे. एखाद्याने या एका चिन्हकावरून तिला गरोळ ठरवले तर ते हास्यास्पद ठरेल, पण ए२वरून देशी गाय ठरवण्यात चूक तीच असते.

सगळ्या चिन्हकांच्या मुळाशी असलेली अट आता सांगितली पाहिजे. प्रयोगशाळा जनावराची जात थेट ओळखत नाही. ती त्याची तुलना आधी गोळा केलेल्या संदर्भ नमुन्यांशी करते. संदर्भात गवळाऊ, गीर आणि खिल्लार एवढेच असतील आणि तपासायला आलेला बैल पूर्व विदर्भातला कठाणी असेल, तर संगणक त्याला त्यातल्या सर्वांत जवळच्या जातीत टाकून मोकळा होतो, आणि टक्केवारीही छापून देतो. ‘यातली कोणतीच नाही’ असे उत्तर देण्याची सोय असलेल्या पद्धती आहेत, पण त्या मुद्दाम वापराव्या लागतात. म्हणून अहवाल वाचताना पहिला प्रश्न असावा तो तुलना कोणत्या जातींशी झाली, हा, टक्के त्यानंतर.

संदर्भ नमुने घेण्याची रीतही तितकीच निर्णायक. जातीच्या मूळ पट्ट्यातल्या निरनिराळ्या गावांतून, एकमेकांशी नाते नसलेल्या चाळीस-पन्नास जनावरांचे रक्त किंवा शेपटीच्या केसांची मुळे घ्यावी लागतात. शासकीय प्रक्षेत्रावरच्या एका कळपातून सगळे नमुने घेणे सोयीचे असते, पण तिथली निम्मी जनावरे एक-दोन वळूंची संतती असू शकतात. मग जातीची म्हणून जी ओळख नोंदली जाते, ती प्रत्यक्षात त्या दोन वळूंची असते.

लहान कळपांबाबत आणखी एक चकवा आहे. जनावरे थोडी उरली की केवळ योगायोगाने काही रूपे नाहीशी होतात आणि काही सर्वत्र पसरतात. त्यामुळे कमी झालेली जात जनुकीयदृष्ट्या इतरांपासून फार वेगळी दिसते. हे वेगळेपण प्राचीनतेचे लक्षण मानून संवर्धनाचा क्रम लावला, तर नातेसंबंधातल्या प्रजननाची खूणच गुण म्हणून गणली जाईल. शिवाय बहुतेक चिन्हके गुणांशी असंबद्ध जागांवर असतात. डांगीची मुसळधार पावसात भातखाचरात राबण्याची ताकद किंवा पंढरपुरी म्हशीचे कोरड्या मुलखात दूध देणे मायक्रोसॅटेलाइटमध्ये दिसत नाही. ते शोधायला जनुकसंचात निवडीच्या खुणा तपासणारे वेगळे अभ्यास लागतात आणि भारतात ते अलीकडेच सुरू झाले आहेत.

जात म्हणून मान्यता देतानाही डीएनए एकटा निर्णय करत नाही. कर्नालच्या ब्यूरोकडे नोंदणी होते ती मूळ प्रदेश, संख्या, अंगलक्षणे, उत्पादन, पाळणारे समाज आणि गुण पुढच्या पिढीत टिकतात याचा पुरावा पाहून. जनुकीय माहिती त्याला पूरक ठरते. अशा पद्धतीने दोनशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या असून त्यात गाईच्या पन्नासहून अधिक आहेत. कोकणातली कोकण कपिला, गोव्यातली श्वेत कपिला आणि विदर्भातली पूर्णाथडी म्हैस ही त्यातली अलीकडची नावे.

चिप आता देशी आहेत, गणिती पद्धती उपलब्ध आहेत आणि तपासणीचा दर उतरतो आहे. उणीव आहे ती नमुन्यामागच्या माहितीची. कानातल्या बारा अंकी बिल्ल्यामुळे जनावराला क्रमांक मिळाला, पण त्या क्रमांकापुढे आई कोण, कोणत्या वळूची रेतमात्रा वापरली आणि जनावर मूळ कुठल्या गावचे, हे रकाने भरले गेले तरच चिन्हकांच्या आकड्यांना अर्थ येईल. ज्यांच्या दावणीला अजून जुन्या वळणाचे जनावर आहे, त्यांनी केसांचा नमुना देताना ही तीन उत्तरे नोंदवून घ्यायला लावावीत, आणि ती नोंदल्याशिवाय नमुना देऊ नये.